जनुकोपचार : आशा आणि यतना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नेत्रचिकित्सा शिबिरे, रक्तदान, रुग्णवाहिका, गरजू रुग्णांना औषधांचे साहाय्य अशी कामे ज्या संस्थेने पन्नास वर्षे न थकता केली, त्या संस्थेपुढे एका निवृत्त पॅथॉलॉजिस्टने काय नवीन सांगावे, हा प्रश्न मला निमंत्रण आल्यापासून पडला होता. ‘जनुकोपचार आणि त्यावरील देखरेख’ हा विषय मी कळवला, तेव्हा एका विश्वस्तांनी अत्यंत नम्रपणे विचारले, “डॉक्टरसाहेब, हा विषय मुंबई-दिल्लीचा नाही का? आपल्या खान्देशाशी त्याचा काय संबंध?” आजचे माझे व्याख्यान हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

एका शिबिराची आठवण

उत्तराच्या आधी एक कबुली द्यावयाची आहे. १९९० च्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर आम्ही रक्ततपासणीचे शिबिर घेतले. तरुण वय होते, उत्साह होता. शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, मुलांना रांगेत बसवले आणि दुपारपर्यंत नमुने गोळा केले. गावातील कारभाऱ्याने सर्वांना ‘या’ म्हटले होते, म्हणून सर्व आले. कशासाठी रक्त घेतो आहोत, हे त्यांच्या बोलीत सांगणारे आमच्यात कोणी नव्हते. नमुने तपासले, निष्कर्ष नोंदवहीत उतरवले, आणि नोंदवही कपाटात गेली. त्यानंतर पावसाळा आला, माझी बदली झाली, आणि त्या पाड्यावर परत जाणे राहून गेले.

दोनएक वर्षांनी बाजाराच्या दिवशी त्याच भागातील एक माता मला भेटली. तिने मला ओळखले, मी तिला ओळखले नाही. तिने एवढेच विचारले, “रक्त नेले होते, मग पुढे त्याचे काय झाले?” तिच्या स्वरात राग नव्हता. तिचा मुलगा वारंवार हाडे दुखतात म्हणून रडत असे, एवढीच तिची काळजी होती. मी जुनी नोंदवही शोधली. त्या मुलाच्या नावापुढे सिकलसेलचा रुग्ण असल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. ती माहिती दोन वर्षे माझ्याजवळ होती. जिला तिची गरज होती, तिच्याजवळ नव्हती. हा दोष अन्य कोणाचा नाही, माझा आहे.

जनुकोपचाराच्या सुरक्षिततेविषयी पुढे जे काही वाचले, त्या सर्वांचे सार मला त्या मातेच्या प्रश्नातच सापडले. ज्यांच्या शरीरावर आपण प्रयोग करतो, त्यांच्याकडे परत कोण जाणार?

रोग आपल्या दारचा

सिकलसेल हा रोग खान्देशाला परका नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, परंतु रोगाने जिल्ह्यांच्या सीमा पाहिलेल्या नाहीत. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यातील भिल्ल, पावरा, कोकणी, मावची आदी समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातील हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. एवढ्याशा फरकाने गोल, लवचीक रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराची आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. असह्य वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, रक्तक्षय, काही वेळा कोवळ्या वयात पक्षाघात, असे त्याचे परिणाम होतात.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली हा रोग प्रथम वर्णिला. १९४९ साली लायनस पाउलिंग यांनी तो हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो हे दाखवले. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत झाली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो, आणि बालपणी हिवतापाच्या गंभीर रूपापासून त्याला काही संरक्षणही मिळते. म्हणूनच हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आज आपल्याच शेजारच्या पाड्यांवर कोण रुग्ण आणि कोण वाहक, याची यादी तयार होत आहे. नवा उपचार जेव्हा माणसांवर आजमावला जाईल, तेव्हा पहिली नजर अशाच यादीकडे जाणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

नवा उपचार म्हणजे काय?

आता हा उपचार थोडक्यात समजून घेऊ. गर्भात असताना बाळाच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ थांबते आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते. हा बदल घडवून आणणारे एक जनुक आहे. रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून, क्रिस्पर नावाच्या रेण्वीय कात्रीने त्या जनुकाचा नेमका भाग निकामी केला, तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी विळ्याचा आकार घेत नाही. क्रिस्परच्या शोधाचा पाया घालणाऱ्या जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांना २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीच्या पहिल्या औषधास, कॅसजेव्हीस, ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. त्याच्या चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. वैद्यकाच्या इतिहासातील हा खरोखर सोन्याचा क्षण आहे. मात्र मान्यतेच्या वेळी अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती. २०२१ साली महाराष्ट्रातील चिमुकल्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनकरिता लोकांनी वर्गणी गोळा केली, ते आपणास आठवत असेल. तेही जनुकोपचाराचेच औषध होते.

आपला देशही स्वस्थ बसलेला नाही. मुंबईतील आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवरील नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती घडली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे तिचे लोकार्पण झाले. परदेशातील खर्चाच्या सुमारे दशांशात ती उपलब्ध झाली. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘बिरसा १०१’ या सिकलसेलवरील पहिल्या स्वदेशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने तो विकसित केला असून तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला आहे. भगवान बिरसा मुंडा यांचे नाव त्यास दिले, यात मोठे औचित्य आहे. आणि ज्यांचे नाव दिले त्यांच्या लोकांविषयीची मोठी जबाबदारीही आहे. घोषणा आणि घरोघरी पोहोचलेले औषध यांच्यामध्ये मानवी चाचण्यांचा लांबचा पल्ला असतो. तोच माझा आजचा विषय आहे.

कारण हा उपचार गोळीसारखा सोपा नाही. दुरुस्त केलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधाने रिकामी करावी लागते. त्या काळात साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. त्या औषधाने पुढे अपत्यप्राप्तीस बाधा येऊ शकते. ज्या समाजात संततीला एवढे महत्त्व आहे, तेथे ही गोष्ट संमतिपत्राच्या नवव्या पानावर बारीक अक्षरात राहून कशी चालेल? शिवाय कात्रीने चुकीच्या जागी काप घेतला, तर त्याचे परिणाम वर्षांनंतर दिसू शकतात. गोळी थांबवता येते. पेशीत केलेला बदल परत घेता येत नाही.

तीन धडे

जगाने याबाबतीत मोठी किंमत देऊन धडे घेतले आहेत. त्यांपैकी तीन सांगतो.

पहिला १९९९ सालचा आहे. जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण यकृताच्या एका आनुवंशिक विकाराने ग्रस्त होता, पण औषध व पथ्यावर त्याचे बरे चालले होते. आपल्यामुळे पुढे तान्ह्या बाळांचे प्राण वाचतील, या भावनेने तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत सहभागी झाला. १३ सप्टेंबरला त्याला विषाणूवाहक टोचला आणि १७ सप्टेंबरला त्याचा मृत्यू झाला. चौकशीत दिसले की आधीच्या रुग्णांत आलेले गंभीर दुष्परिणाम वेळेवर कळवले नव्हते, माकडांवरील मृत्यूंचा उल्लेख संमतिपत्रातून गळाला होता, आणि प्रमुख संशोधकाचे त्या क्षेत्रातील कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. त्यानंतर अमेरिकेत तशाच विषाणूवाहकाच्या चाचण्यांची तपासणी झाली, तेव्हा ६९१ गंभीर घटनांपैकी केवळ ३९ वेळच्या वेळी कळवल्याचे आढळले.

दुसरा धडा फ्रान्सचा. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर पॅरिस व लंडन येथे जनुकोपचार झाले आणि मुले बरी झाली. जगाने टाळ्या वाजवल्या. परंतु २००२ पासून त्यांतील काही मुलांना रक्ताचा कर्करोग होऊ लागला. दोन्ही ठिकाणच्या २० बालकांपैकी ५ जणांना तो झाला आणि एकाचा मृत्यू झाला. नवे जनुक वाहून नेणारा विषाणू पेशीत नको त्या जागी जाऊन बसला होता. हे कळले, कारण मुले बरी झाल्यावरही डॉक्टरांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नव्हता. आज अमेरिकेचा औषध नियामक अशा अनेक उपचारांनंतर पंधरा वर्षांपर्यंत निरीक्षण ठेवावे असे सांगतो, त्यामागे हाच अनुभव आहे.

तिसरा चीनचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञाने गर्भावस्थेपूर्वीच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. येथे मुद्दा निराळा आहे. रुग्णाच्या रक्तपेशीत केलेला बदल त्याच्याबरोबर संपतो. भ्रूणात केलेला बदल त्याच्या मुलाबाळांत, नातवंडांत उतरतो. ज्यांची संमती कधी घेताच येणार नाही, अशांच्या शरीरावर तो निर्णय लादला जातो. या शास्त्रज्ञाने नैतिकता समितीची कागदपत्रेच बनावट केली होती, असे न्यायालयात सिद्ध झाले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांचा कारावास झाला. भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे वंशगामी बदल निषिद्ध आहेत.

आपल्या देशातील अनुभव

हे परदेशात घडले म्हणून आपण निश्चिंत राहू नये. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी त्यांच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. कोणती बाटली, कोणी उघडली, उपकरण कसे निर्जंतुक केले, या बारीकसारीक नोंदींवर एका थोर शास्त्रज्ञाची अब्रू अवलंबून राहिली. देखरेख ही संशोधनाची वैरीण आहे असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. चोख देखरेख प्रामाणिक संशोधकाचेही रक्षण करते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक अभ्यास-प्रकल्प झाला. सहभागी मुलींत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मृत्यूंच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध बहुधा नसावा, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. मात्र अनेक मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी संमतिपत्रावर सह्या केल्याचे उघड झाले. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. चांगली वस्तूही चुकीच्या मार्गाने दिली, तर लोकांचा विश्वास जातो, आणि गेलेला विश्वास परत आणणारी लस अजून निघालेली नाही.

आपल्या सभागृहात कापसाच्या व्यवसायातील मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून एक घरचा दाखला देतो. जनुकीय तंत्रज्ञान खान्देशात प्रथम आले ते दवाखान्यातून नव्हे, तर शेतातून. २००२ साली बीटी कपाशीस मान्यता मिळाली. बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये, म्हणून बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे एक छोटे पाकीट दिले जात असे आणि ते शेताच्या कडेने लावावे असा नियम होता. ते पाकीट किती जणांनी लावले आणि किती जणांनी तसेच टाकून दिले, हे आपण सर्व जाणतो. लावले की नाही हे पाहण्यास कोणी आले नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. त्याला कारणे आणखीही होती, परंतु नियम कागदावर आणि पाठपुरावा वाऱ्यावर, हेही त्यांतील एक होते. शेतातील चूक एका हंगामाला भोवते. शरीरातील चूक जन्मभर भोवेल.

कायद्याने काय दिले आहे?

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. जनुकीय काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती असते. मानवी चाचणीस केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, आणि जनुकोपचाराच्या प्रस्तावांचे मूल्यमापन करण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र सल्लागार समितीची तरतूद २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच वर्षीच्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार गंभीर दुष्परिणाम घडल्यास संशोधकाने २४ तासांच्या आत कळवावयाचे असते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे. रुग्ण निरक्षर असल्यास संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हवा. दुर्बल स्थितीतील व्यक्तींवर सर्वस्वी नव्या औषधाची चाचणी असेल, तर माहिती देण्याच्या आणि ती समजल्याच्या प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे आवश्यक झाले असून ती कोणालाही पाहता येते.

या नियमांतील एका कलमाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. चाचणीला हिरवा कंदील दाखवणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचा हवा. त्या सातांत एक सामान्य नागरिक हवा, आणि एक सदस्य समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वचिंतक किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक अशांपैकी हवा. म्हणजे कायद्यानेच आपल्यासारख्यांसाठी एक खुर्ची मांडून ठेवली आहे. ती खुर्ची केवळ सहीपुरती भरायची, की प्रश्न विचारण्यासाठी, हे बसणाऱ्यावर अवलंबून आहे.

आपण काय करू शकतो?

आता विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाकडे परत येतो. खान्देशाचा संबंध काय? संशोधन दिल्लीत होईल, उत्पादन पुण्यात होईल, परंतु रुग्ण सातपुड्यात आहे. तो ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी चार-सहा महिने गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात असतो. पंधरा वर्षे त्याचा पाठपुरावा करणे कोणत्याही शहरी प्रयोगशाळेला एकट्याने जमणारे नाही. त्याची बोली पावरी वा भिली आहे, आणि संमतिपत्र बहुधा प्रमाण मराठीत असेल. त्याच्यापुढे उपचाराचे दुसरे पर्याय नसतील, तर त्याचा होकार हा खरा होकार नसतो. ती अगतिकता असते. म्हणून येथील संस्थांकडून माझ्या चार अपेक्षा आहेत.

पहिली, आधी जे आज उपलब्ध आहे ते पोहोचवावे. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध वेदनेचे झटके कमी करते. नियमित फॉलिक आम्ल, लसीकरण, वेळेवर रक्त, विवाहापूर्वी समुपदेशन, हे सर्व आजच शक्य आहे. ज्याला साधे औषध मिळते, तोच नव्या प्रयोगाला मोकळ्या मनाने ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणू शकतो. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे साधे औषध बंद होणार नाही, याची हमी हवी.

दुसरी, शिबिरात घेतलेले रक्त ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणासाठी वापरावे. संशोधनासाठी हवे असेल, तर संमती वेगळी घ्यावी. अहवाल बंद पाकिटात त्या कुटुंबाच्याच हाती द्यावा, आणि तो त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. वाहक असल्याची माहिती गावभर झाली, तर मुलीचे लग्न मोडते. म्हणून ही गुप्तता बँकेच्या खात्याइतकीच पवित्र मानावी.

तिसरी, कोणताही चमत्कारिक उपचार घेऊन कोणी आले आणि संस्थेचे नाव व सभागृह मागितले, तर चार प्रश्न विचारावेत. चाचणी सार्वजनिक नोंदवहीत आहे काय? कोणत्या नैतिकता समितीने मान्यता दिली? रुग्णाकडून पैसे घेणार आहात काय? काही बिघडले तर जबाबदार कोण? मूळपेशींच्या नावाखाली देशात कित्येक वर्षे असा बाजार चालला. रक्ताच्या काही विकारांतील प्रस्थापित प्रत्यारोपण सोडता मूळपेशी-उपचार हे प्रमाणित उपचार नाहीत, असे आयुर्विज्ञान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. तरीही शेत विकून इंजेक्शने घेतलेले आईबाप मी पाहिले आहेत. आपल्या संस्थेचा फलक हा गरिबाच्या दृष्टीने प्रमाणपत्र असतो. तो कोठे लावू द्यायचा, हे जपून ठरवावे.

चौथी, ती खुर्ची भरावी. आपल्यातील सुशिक्षित, निर्भीड स्त्री-पुरुषांनी नैतिकता समित्यांवर काम करण्याची तयारी ठेवावी, त्यासाठी थोडा अभ्यास करावा. आणि त्याहीपेक्षा, पाड्यावरील एखादी शिकलेली पावरा वा भिल्ल तरुणी उद्या त्या खुर्चीवर बसू शकेल, यासाठी तिच्या शिक्षणाला हातभार लावावा. ज्यांच्यावर चाचणी होणार, त्यांच्यापैकी कोणीतरी परवानगी देणाऱ्यांत असणे, याहून चांगली देखरेख मला माहीत नाही.

उपसंहार

बंधुभगिनींनो, मी संशोधनाला विरोध करण्यासाठी उभा नाही. वेदनेने रात्रभर तळमळणारे मूल ज्याने पाहिले आहे, तो या संशोधनाला विरोध करूच शकणार नाही. हा उपचार यशस्वी व्हावा, स्वस्त व्हावा आणि सातपुड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचावा, हीच माझी प्रार्थना आहे. परंतु आपल्या घरांतून लहानपणापासून एक शब्द कानांवर पडतो : यतना. चालताना, बोलताना, पाणी गाळताना, दिसत नाही अशा जिवालाही आपल्याकडून इजा होऊ नये म्हणून बाळगावयाची सावधता. यतना म्हणजे चालणे थांबवणे नव्हे. पाऊल टाकावयाचेच आहे, पण पुढे काय आहे ते पाहून. सूक्ष्म जिवासाठी जी सावधता आपण बाळगतो, ती दिसणाऱ्या, बोलणाऱ्या, आपल्या शेजारच्या माणसासाठी बाळगणे जड का जावे?

त्या बाजारातील मातेला मी अहवाल नेऊन दिला. मुलाचे औषध सुरू झाले. तिने माझे आभार मानले, आणि त्या आभारांचे ओझे माझ्या मनावरून आजवर उतरलेले नाही. उद्या जेव्हा जनुकोपचाराची गाडी आपल्या भागात येईल, नमुने घेईल, पेशी घेऊन जाईल, तेव्हा कोणा मातेला बाजारात डॉक्टर शोधत फिरावे लागू नये. तिने विचारण्याआधीच तिच्या अंगणात कोणीतरी उत्तर घेऊन उभे असावे, आणि ते आपल्यापैकी कोणी असावे. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांसाठी याहून मोठा संकल्प मला सुचत नाही.

 

जय जिनेंद्र.